कोकणातल्या जुन्या मशिदी, दर्गे आणि देवस्थाने: पहिल्यांदा जाताना

किल्ले पाहायची सवय असलेला प्रवासी कोकणातल्या एखाद्या जुन्या मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या दारात पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा त्याची थोडी पंचाईत होते. इथे तिकिटाची खिडकी नसते, उघडण्या-मिटण्याच्या वेळेची पाटी क्वचितच असते आणि आत जायची परवानगी नेमकी कोणाकडे मागायची हेही चटकन कळत नाही. याचे कारण असे, की यांतल्या बहुतेक वास्तू शेकडो वर्षांच्या असल्या तरी त्यांची वहिवाट खंडित झालेली नाही. कोणीतरी तिथे रोज झाडलोट करते, दिवा लावते, अजान देते, आणि गावातल्या माणसांच्या लेखी ते प्रेक्षणीय स्थळ नसून आपली मशीद, आपला पीर किंवा आपला देव असतो. म्हणून पहिल्या भेटीची आखणी वास्तूचे वय किंवा कीर्ती पाहून न करता तिचा दिनक्रम पाहून करावी. बाकीचे बरेचसे प्रश्न त्यातूनच सुटतात.

वेळ कशी निवडावी

मशिदीत दिवसाच्या पाच नमाजा होतात. पहाटेची फजर आणि रात्रीची इशा यांच्याशी पाहुण्याचा फारसा संबंध येत नाही. दुपारची जोहर, दुपार कलल्यावरची असर आणि सूर्यास्ताची मगरीब या तिन्हींचा मात्र येतो. सकाळी साडेनऊ-दहापासून बारा वाजेपर्यंतचा वेळ सर्वांत निवांत असतो. त्यानंतर जोहरची जमात, म्हणजे एकत्र नमाज, आटोपून माणसे पांगली, की असरपर्यंत आणखी तास-दीड तास मिळतो. मगरीबच्या आधी अर्धा तास आत शिरणे टाळावे, कारण तेव्हा वजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हात, तोंड आणि पाय धुण्यासाठी, माणसे येऊ लागलेली असतात. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असल्यामुळे साडेबारा ते अडीचपर्यंत मशीद पाहण्याचा विचारच करू नये. त्या वेळेत केवळ मशीदच नव्हे, तर मोहल्ल्यातली दुकाने, रिक्षा आणि कधी कधी धक्काही थांबतो. मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या शुक्रवारी दुपारी याच कारणाने बंद असतात, आणि हे ठाऊक नसलेले पर्यटक धक्क्यावर उन्हात ताटकळत बसतात.

मोबाइलवरच्या नमाजाच्या वेळा पाहून जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई पंथाचे आहेत, तर देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी आहेत. शाफई मतानुसार वस्तूची सावली, मध्यान्हीची मूळ सावली वजा जाता, वस्तूइतकी झाली की असरची वेळ सुरू होते. हनफी मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. या फरकामुळे दोन्हींच्या असरमध्ये साधारण तासाभराचे अंतर पडते. अ‍ॅपमध्ये हनफी वेळ निवडलेली असेल, तर आपण ‘अजून बराच अवकाश आहे’ असे समजून आत निवांत फिरत असतानाच कोकणातल्या मशिदीत अजान सुरू होते. त्यापेक्षा दाराजवळच्या भिंतीवर लावलेला वेळांचा फलक पाहावा. तिथे अजानची आणि जमातीची अशा दोन वेगळ्या वेळा असतात. आपल्या दृष्टीने अजानची वेळ महत्त्वाची.

रमजानमध्ये सकाळ मोकळी असते, परंतु आवारात पाणी पिणे किंवा बिस्किटांचा पुडा उघडणे शोभत नाही. इफ्तारीच्या वेळी कोणी आग्रहाने बसवून घेतले तर बसावे. नाही म्हणण्यात संकोच वाचतो असे आपल्याला वाटते, पण यजमानाला ते लागते.

किनाऱ्यावरच्या धर्मस्थळांना दुसरेही एक वेळापत्रक लागू होते, ते भरती-ओहोटीचे. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा समुद्राला लागून असलेल्या कातळावरून असल्याने ती ओहोटीतच करावी लागते. भरतीच्या वेळी तिथे लाटेने माणसे ओढली गेली आहेत, त्यामुळे याबाबत स्थानिकांचे न ऐकण्यात कसलेही धाडस नाही. जुना ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चाराने भागले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. कालनिर्णय हाताशी असले, तर नेटवर्क नसलेल्या गावातही हा हिशेब जमतो.

दारात कोणाला विचारावे

मशिदीत मुअज्जिन (अजान देणारा) किंवा इमाम, दर्ग्यात मुजावर (दर्ग्याचा सेवेकरी), देवळात गुरव: चावी यांच्याकडे असते. कारभार मोहल्ल्यातल्या समाजाचा किंवा विश्वस्तांचा असला, तरी पहिल्या भेटीत तिथवर जाण्याची गरज पडत नाही. दारातून थेट आत न शिरता बाहेर दोन मिनिटे थांबावे. कोणीतरी विचारपूस करायला येतेच. आले नाही तर जवळच्या दुकानात चौकशी करावी. ‘चाचा, आम्ही पुण्याहून आलोय, मशीद आतून पाहायची होती. आता चालेल, की नमाजानंतर येऊ?’ एवढा प्रश्न पुरतो, आणि त्यातला दुसरा भाग आवर्जून विचारावा, कारण त्यामुळे समोरच्याला नकार न देता वेळ बदलून देता येते.

इथे आपल्याकडच्या प्रवाशांची एक खोड सांगितली पाहिजे. मशीद दिसली की पुण्या-मुंबईचा माणूस आपोआप हिंदीत बोलू लागतो. दाभोळ, बाणकोट, राजापूर या भागांतले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या घरात कोकणी वळणाची मराठी बोलत आले आहेत. त्यांच्यात परकार, मुकादम, चौगुले अशी आडनावे आहेत, आणि त्यांची मुले गावच्याच शाळेत शिकतात. त्यांच्याशी मराठीतच बोलावे. नमस्कार म्हटले तरी चालते, सलाम म्हटले तरी चालते. हिंदीत सुरुवात केली, की आपण त्यांना परगावचे ठरवतो आणि गप्पा तिथेच आखडतात.

बायकांच्या प्रवेशाबाबत एकच एक नियम सांगता येत नाही. अनेक मशिदींमध्ये नमाजाच्या मुख्य दालनात बायका जात नाहीत, पण अंगणात बसू शकतात. काही ठिकाणी नमाजाची वेळ सोडून आतही जाऊ देतात. दर्ग्यात बहुधा दालनाच्या उंबऱ्यापर्यंत जाता येते. हाजी अलीच्या दर्ग्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर स्त्रियांना मजारीच्या, म्हणजे पिराच्या कबरीच्या, दालनातही जाता येऊ लागले. परंतु त्या निकालाचा दाखला देऊन लहान गावातल्या मुजावराशी हुज्जत घालण्याने पहिली भेट साधत नाही. बरोबर बायका असतील तर आधीच विचारून घ्यावे, म्हणजे दारात कोणाचाच विरस होत नाही. मासिक पाळीविषयीचे निर्बंध काही देवळांत आणि दर्ग्यांत पाळले जातात. ते आपल्याला पटोत वा न पटोत, त्यांची चर्चा उंबऱ्यावर करू नये.

पोशाख सर्वांना सारखाच लागू: खांदे आणि गुडघे झाकलेले, कापड घट्ट नसलेले. पुरुषांनी बर्म्युडा घालून जाऊ नये. खिशात एक मोठा सुती रुमाल ठेवावा. दर्ग्यात डोके झाकायला, ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये टोपीच्या जागी आणि मे महिन्यात घाम पुसायला तोच कामी येतो. चपला अंगणाच्या पहिल्या पायरीखाली सोडाव्यात. तापलेल्या काळ्या दगडावर किंवा जांभ्यावर एप्रिल-मे महिन्यांत पाय भाजतात, म्हणून मोजे जवळ असावेत. पावसाळ्यात मात्र तेच मोजे शेवाळलेल्या पायरीवर घात करतात, तेव्हा अनवाणीच चालावे आणि पायरीच्या मधून न जाता कडेने, भिंतीला हात धरून उतरावे.

आत गेल्यावर

मशिदीच्या अंगणात प्रथम हौद दिसतो. तो वजूसाठी असतो. प्रवासात मळलेले पाय तिथे बुचकळू नयेत आणि बाटलीही भरू नये; पिण्याचे पाणी मागितले तर ते वेगळे आणून देतात. कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या पुढून ओलांडू नये. मागून जावे, किंवा त्याचे आटोपेपर्यंत खांबाला टेकून थांबावे. जमात उभी राहिली आणि आपण आतच अडकलो, तर गोंधळून पळत सुटण्याचे कारण नाही. शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीशी बसून राहावे. दहा मिनिटांत सारे संपते.

पश्चिमेकडच्या भिंतीत मधोमध कमानीचा कोनाडा असतो, तो मेहराब. कोकणातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली पडते, त्यामुळे इथल्या मशिदींचे तोंड समुद्राकडे असते असे म्हटले तरी चालेल. मेहराबाच्या बाजूच्या पायऱ्या म्हणजे मिंबर. शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, तिथून होतो. त्यांवर चढू नये, बसू नये, पिशवी टेकवू नये. कुराणाच्या प्रती रेहलीवर, म्हणजे लाकडी घडवंचीवर, किंवा फळीवर असतात, त्या हातात घेऊन चाळण्याचा मोह आवरावा.

छायाचित्रांविषयी माझे मत थोडे कडक आहे: पहिली पंधरा मिनिटे मोबाइल खिशातच असू द्यावा. तेवढ्यात तिथल्या माणसाला आपला अंदाज येतो, आपल्यालाही जागेचा अंदाज येतो, आणि नंतर विचारले तर बहुधा होकार मिळतो. नमाज पढणारा माणूस, दर्ग्यात अंगात आलेली बाई आणि मय्यत यांचे फोटो विचारूनही घेऊ नयेत.

दाभोळमध्ये काय पाहावे

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले दाभोळ हे बहामनी आणि पुढे आदिलशाही काळात दख्खनचे मोठे बंदर होते. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी दख्खनमध्ये हिंडून परतताना इथूनच गलबतात बसला, आणि १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज विसरॉय आल्मेदाने हे शहर जाळले. मक्केला निघालेले यात्रेकरूही या बंदरातून जात. खाडीकाठची दगडी शाही मशीद, जिला लोक अंडा मशीद किंवा मासाहेबांची मशीद म्हणतात, ती या यात्रेशीच जोडलेली आहे: हजला निघालेली विजापूरची शाहजादी इथे अडकून पडली आणि जवळचे द्रव्य तिने मशिदीवर खर्च केले, अशी आख्यायिका गावात सांगतात.

ही मशीद घाईने पाहू नये. आधी बाहेरून, खाडीच्या बाजूला जाऊन घुमट आणि चार कोपऱ्यांचे मिनार एका नजरेत घ्यावेत. विजापूर पाहिलेल्यांना ही घडण लगेच ओळखू येते. आदिलशाही घुमटाच्या तळाशी दगडी पाकळ्यांची रांग असते आणि त्यातून घुमट कमळातून उमलल्यासारखा वर येतो; ती रांग शोधावी. मग छज्जाखालचे दगडी कंस पाहावेत, एकेका कंसावर हात किती चालला आहे ते पाहावे. त्यानंतर कमानीच्या टोकापाशी दगड कसा जुळवला आहे इकडे लक्ष द्यावे, कारण जांभ्याच्या प्रदेशात इतका नीटस घडीव काळा दगड वापरण्यासाठी कारागीर आणि पैसा दोन्ही घाटावरून यावे लागत. खाऱ्या वाऱ्याने दगडाचा पापुद्रा कुठे सुटला आहे हेही दिसते. तो बोटाने उचकटून पाहू नये.

घुमट म्हणजेच मशीद अशी समजूत असेल, तर ती गोव्यातल्या फोंड्याला जाऊन तपासावी. तिथली १५६० ची साफा मशीद आदिलशाहीतलीच, पण तिच्यावर घुमट नाही. उंच जोत्यावरच्या एकाच दालनावर उतरते कौलारू छप्पर आहे. कोकणच्या पावसाला हेच छप्पर मानवते, आणि किनाऱ्यावरच्या कित्येक जुन्या मशिदी दुरून पाहिल्या तर घरासारख्या किंवा देवळासारख्या दिसतात त्या यामुळेच. साफा मशिदीशेजारचे बांधीव तळे, त्याच्या काठाला मेहराबाच्या आकाराचे कोनाडे आहेत, ते मशिदीइतकेच पाहण्याजोगे आहे. त्यात उतरू नये. उलट बाजूने, कोकणातल्या पेशवेकालीन देवळांवर घुमट पुष्कळ सापडतात. केळशीचे महालक्ष्मीचे देऊळ पाहावे, किंवा चिपळूणजवळचे परशुरामाचे. परशुरामाच्या देवळाशी पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांचे नाव जोडलेले आहे आणि त्याच्या बांधणीला जंजिऱ्याच्या सिद्दीची मदत झाल्याचे सांगतात. एकाच दिवसात एक मशीद आणि एक देऊळ असे दोन्ही पाहिले, तर छप्पर, घुमट आणि कमान यांची ही देवाणघेवाण पुस्तकाविना कळते.

दाभोळमध्येच चंडिकादेवीचे देऊळ नैसर्गिक गुहेत आहे. आत विजेचा दिवा नाही, समईचाच उजेड असतो. वाकून शिरावे, डोळे सरावेपर्यंत जागच्या जागी उभे राहावे, आणि मोबाइलची बॅटरी लावू नये.

दर्गे आणि मकबरे

दर्ग्यात मजारीवर गलेफ (कापडी आच्छादन) किंवा फुलांची चादर चढवायची की नाही हे आपल्या श्रद्धेवर आहे. न चढवता नुसते हात जोडून उभे राहिले तरी कोणी वावगे मानत नाही. मजारीकडे पाय करून बसू नये, तिच्या कठड्यावर रेलू नये, आणि निघताना दोन पावले मागे सरून मग वळावे. मुजावर मोरपिसांचा कुंचा डोक्यावरून फिरवतो, पुढ्यात शिरणी (गोड प्रसाद) ठेवतो, ती घ्यावी. पैसे द्यायचे असल्यास पेटीत टाकावेत. कोणी ठरावीक रकमेसाठी मागे लागलेच, तर ‘पेटीत टाकले’ एवढे शांतपणे सांगून पुढे जावे.

केळशीचे याकूबबाबा म्हणजे बाबा याकूत. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या संदर्भात त्यांचा थोर अवलिया म्हणून उल्लेख येतो, आणि महाराजांनी दर्ग्याला इनाम दिल्याची परंपरा आजही अभिमानाने सांगितली जाते. रत्नागिरीजवळच्या हातिसला पीर बाबरशेखांचा उरूस माघ पौर्णिमेला भरतो आणि त्यात दोन्ही समाजांची माणसे असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने उरुसाचा दिवस निवडावा का? माझ्या मते नाही. उरुसात माणसे पाहायला मिळतात, वास्तू मिळत नाही. आधी साध्या दिवशी जाऊन यावे, मग उरुसाला.

राजपुरीजवळच्या खोकरीला सिद्द्यांचे तीन मकबरे आहेत. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असलेली ही जागा नमाजाची नाही, तरीही थडग्यांची आहे. कबरीवर बसून फोटो काढणारे दिसतात, त्यांच्यात आपली भर नको. अशा संरक्षित स्मारकाची नासधूस करणे किंवा त्यावर नावे कोरणे हा प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिलालेख वाचता यावा म्हणून अक्षरांत खडू भरणे किंवा त्यावर पाणी ओतणे हीसुद्धा नासधूसच. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठून दिसतात.

चर्च, सिनेगॉग आणि देवळे

कोर्लईचे माउंट कार्मेलचे चर्च रविवारी मिस्साच्या वेळी पाहायला जाऊ नये. जायचेच तर मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसावे. या गावात पोर्तुगीजमिश्रित बोली अजून घराघरांत बोलली जाते, ती ऐकायला चर्चपेक्षा गावातले दुकान बरे. अलिबागच्या इस्राएल आळीतले आणि रेवदंड्याचे सिनेगॉग बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाचे. शनिवारी काम न करणारे तेली म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. साहजिकच शनिवार टाळावा, डोके झाकावे आणि आधी चौकशी करूनच जावे, कारण समाजातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेल्यामुळे चावी कोणाजवळ आहे हे शोधावे लागते. नवगावला त्यांचे जुने कब्रस्तान आहे.

देवळांविषयी मराठी वाचकाला काय सांगावे, असे वाटेल. पण ग्रामदेवतेच्या देवळात कौल चालू असताना मध्येच घंटा वाजवणारे प्रवासी असतात, म्हणून सांगायचे. गुरव आणि मानकरी बसलेले दिसले तर बाजूला उभे राहावे. शिमग्याच्या दिवसांत पालखी बाहेर असते आणि देऊळ रिकामे सापडते. देवगडजवळच्या कुणकेश्वरी वादळातून वाचलेल्या अरब व्यापाऱ्याने देऊळ बांधल्याची कथा आहे आणि देवळाजवळच त्याचे थडगे दाखवतात. दर्शन झाल्यावर तेही विचारून पाहावे. बरेच जण तसेच परततात.

सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर मी दाभोळ सांगेन. दापोलीहून सकाळी लवकर निघून आधी चंडिकेचे दर्शन घ्यावे, दहाच्या सुमारास मशिदीत जावे, आणि जोहरच्या अजानच्या आत बाहेर पडून फेरीबोटीने गाडीसकट धोपाव्याला उतरावे. पलीकडे गुहागरचा व्याडेश्वर आणि हेदवीचा दशभुज गणपती संध्याकाळपर्यंत होतात. त्याच दिवशी दापोलीला परतायचे असेल, तर शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच धक्क्यावर विचारून ठेवावी. ती चुकली, की चिपळूण-खेडमार्गे मोठा वळसा पडतो.